झोन २ ला सबवूफर कसा जोडायचा? (जोडला, तर गाण्यात स्फोट ऐकू येताहेत!)

आतलीखोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

बाहेरच्या खोलीत ७.२ चॅनेलचा एव्ही रिसीव्हर आहे, त्यावर ५.१ ची मांडणी (पाच स्पीकर, एक सबवूफर). दोन अ‍ॅम्प मोकळे होते, ते मेन्यूत जाऊन झोन २ ला (रिसीव्हरची दुसऱ्या खोलीसाठीची वेगळी वाट) दिले आणि आतल्या खोलीत दोन छोटे बुकशेल्फ स्पीकर लावले. बाहेर सिनेमा, आत गाणी, कुणाचा कुणाला त्रास नाही. पण स्पीकर पडले लहान. गळा गोड लागतो, तानपुरा ठीक, डग्गा मात्र नुसता टकटक वाजतो. घुमारा गायब.

आठ इंची एक जुना अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा, स्वतःची वीज असलेला स्पीकर) पडून होता. रिसीव्हरच्या पाठीवर सबवूफरसाठी दोन भोकं आहेत, १ आणि २. एकात बाहेरचा सब आहे. म्हटलं, दुसरं भोक झोन २ चंच असणार, नाव सारखं आहे. भिंतीतल्या पाइपातून पंधरा मीटर आरसीए केबल ओढली. अख्खा रविवार गेला. जोडलं, गाणं लावलं, आणि सब ढिम्म.

संध्याकाळी मुलाने बाहेर सिनेमा लावला. मी आत डोळे मिटून विलंबित ख्याल ऐकत पडलो होतो. समेच्या जरा आधी खाटेखालून धडाम्! बाहेरच्या सिनेमातला स्फोट माझ्या सबमधून.

सब बिघडलाय, रिसीव्हर बिघडलाय, की मी?

भिंतीलाकान

तुम्ही. (हलकं घ्या.)

माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त स्फोटाच्या जागी क्रिकेटच्या सामन्यातला गलका होता. कुणीतरी जाणकार येईलच, तोवर बसून घेतो.

ओहमकार

रिसीव्हर ठणठणीत आहे. सबवूफर १ आणि २ ही दोन्ही भोकं मुख्य खोलीचीच. मोठ्या खोलीत दोन सब ठेवले तर बास जास्त समान पसरतो, म्हणून दोन दिलेली असतात. ७.२ मधला तो '.२' म्हणजे हाच. झोन २ शी त्याचा काडीचाही संबंध नाही.

गोम कुठे आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मुख्य झोनमध्ये सिग्नल प्रोसेसरमधून जातो. 'स्पीकर लहान, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबकडे' ही वाटणी तिथे होते. झोन २ त्या वाटेने जातच नाही. बहुतेक रिसीव्हरमध्ये तो एक साधा, स्वतंत्र स्टीरिओ आहे: डावा, उजवा, एक व्हॉल्यूम, फार तर बास-ट्रेबल. क्रॉसओव्हर (म्हणजे हीच वाटणी) नाही, स्पीकर लहान-मोठा ठरवणं नाही, खोलीचं मोजमाप नाही. तुमच्या बुकशेल्फला खालपासून वरपर्यंत पूर्ण सिग्नल जातोच आहे, त्यांना फक्त तो पेलत नाही.

म्हणजे झोन २ साठी सबचा वेगळा सिग्नल रिसीव्हरमध्ये तयारच होत नाही. जो तयार होत नाही, तो कुठल्या भोकातून बाहेर येणार? सबला झोन २ चा डावा-उजवाच द्यायचा आणि खालचं वेगळं काढायचं काम सबच्या स्वतःच्या फिल्टरकडून करून घ्यायचं. मेन्यूत शोधत बसू नका.

सबच्या पाठीवर काय काय आहे ते लिहा.

आतलीखोली

धन्यवाद! चुकीचं भोक होतं तर. पाठीवर हे आहे:

वर दोन आरसीए, पांढरं आणि लाल. लाल भोकाखाली 'एलएफई' असंही लिहिलंय. त्याखाली स्पीकरच्या तारांसाठी दाबायच्या क्लिपांच्या दोन रांगा, एकीवर 'हाय लेव्हल इन', दुसरीवर 'आउट'. क्रॉसओव्हरची चकती ४० ते १५०, गेनची चकती, फेज ०/१८० चं बटण, आणि ऑन-ऑटो-ऑफ असा खटका.

रिसीव्हरवर 'झोन २ प्री-आउट' अशी लाल-पांढरी जोडीही सापडली. आजवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

ओहमकार

मग काळजीच मिटली. ही क्लिपांची रांग म्हणजे तुमच्यासाठी सोनं आहे.

आता झोन २ ची स्पीकरची तार सरळ स्पीकरला जाते ना? ती तोडू नका. स्पीकरच्या टर्मिनलवरूनच तारेची आणखी एक जोडी काढा आणि सबच्या 'हाय लेव्हल इन'ला द्या. डावा डाव्याला, उजवा उजव्याला, प्लस प्लसला, मायनस मायनसला. झालं. स्पीकरला जे जातंय तेच सबला जाईल, झोन २ चा व्हॉल्यूम वाढवला की सबही वाढेल.

सबवरची 'आउट'ची रांग वापरूच नका. काही सबमध्ये ती नुसती आरपार असते. काहींमध्ये आत कपॅसिटर असतात, ते स्पीकरकडे जाणारा खालचा भाग कापतात. चांगल्या स्पीकरला ते कधी फायद्याचं, कधी तोट्याचं. सबच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी सांभाळा. तार जोडताना रिसीव्हर बंद, आणि नुसता स्टँडबाय नव्हे, प्लग काढून. दुसरं, तांब्याचा एकही केस शेजारच्या क्लिपेला लागता कामा नये. प्लस-मायनस एकमेकांना टेकले तर रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, तेही नशीब चांगलं असेल तर.

शंकासुर

थांबा थांबा. एकाच टर्मिनलवर स्पीकर पण आणि सब पण? म्हणजे समांतर जोडणी. ८ ओहमचे दोन जोडले की ४ होतात हे आम्ही शाळेत शिकलोय. रिसीव्हर तापणार नाही?

ओहमकार

शंका बरोबर, पण इथे लागू नाही. अ‍ॅक्टिव्ह सबच्या हाय लेव्हल इनपुटचा रोध काही हजार ओहम असतो. ८ ओहमच्या शेजारी काही हजार समांतर ठेवले तर बेरीज ८ च्या केसभर खाली येते. सब तिथून ताकद घेत नाही, फक्त डोकावून बघतो. ताकद त्याची स्वतःची, भिंतीच्या सॉकेटमधून.

पॅसिव्ह सब असता, म्हणजे ज्याला स्वतःची वीजच नाही असा, तर तुमची शाळा शंभर टक्के खरी होती. तसा सब झोन २ च्या स्पीकरला समांतर कुणीही जोडू नका.

एक सावधगिरी राहिली. रिसीव्हरऐवजी मध्ये एखादा छोटा क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प असेल तर जरा थांबा. त्यातल्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये मायनस म्हणजे ग्राउंड नसतं, दोन्ही टोकांवर सिग्नल खेळत असतो. सबच्या आत दोन्ही मायनस ग्राउंडला बांधलेले असले, तर अ‍ॅम्प जाऊ शकतो. त्या अ‍ॅम्पची पुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नये. आरईएल कंपनीच्या सबसोबत तीन तारांची केबल येते, पिवळी डाव्या प्लसला, लाल उजव्या प्लसला, काळी मायनसला. तिथेही ही काळी कुठे लावायची हा प्रश्न क्लास डी अ‍ॅम्पला वेगळ्याने सोडवावा लागतो.

खर्जातला_सा

सगळ्यांचं सगळं पटलं, पण मुळात सब हवाच का? बुकशेल्फ भिंतीला चिकटवा, जमलं तर कोपऱ्याकडे सरकवा, झोन २ चा बास दोन काटे वर करा. भिंत फुकटात बास देते. आतल्या खोलीत सिनेमा बघायचा नाहीये.

भिंतीलाकान

@खर्जातला_सा, नाव काय घेतलंय आणि सल्ला काय देताय!

खर्जातला_सा

नावाला जागायला बास असावा लागतो, जास्त असावा लागत नाही :)

ओहमकार

भिंतीचा सल्ला चांगलाच आहे, आधी तोच करून बघावा. पण पाच इंची वूफरला टोन कंट्रोलने रेटून खाली ढकलता येत नाही. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते. तिथे लहान वूफर नुसता आतबाहेर हलतो, हवा हलत नाही. वर रेटाल तर गायकाचा आवाजही थरथरायला लागेल, कारण तोच पडदा दोन्ही कामं करतोय.

तांब्याची_तार

ओहमकारांचा मार्ग सरळ आहे, मी जरा वाकडा सांगतो, कारण माझ्या घरी तोच चालू आहे. झोन २ साठी रिसीव्हरचे अ‍ॅम्प वापरायचेच नाहीत. झोन २ च्या प्री-आउटमधून (तिथला सिग्नल अजून वाढवलेला नसतो) लाल-पांढरी काढायची, आतल्या खोलीत छोटा स्टीरिओ अ‍ॅम्प ठेवायचा. मग रिसीव्हरचे ते दोन चॅनेल छतातल्या स्पीकरांना मोकळे राहतात. नाहीतर झोन २ चालू केला की ते गप्प बसतात, बऱ्याच रिसीव्हरमध्ये असंच आहे.

अ‍ॅम्पला सब-आउट असेल तर गंगेत घोडं न्हालं, सब तिथेच जोडा. अ‍ॅम्पऐवजी स्वतःची वीज असलेले स्पीकर असतील आणि त्यांना सब-आउट असेल, तरी तेच. दोन्ही नसेल तर वाय-केबल. डाव्या प्री-आउटला एक वाय, उजव्याला एक वाय. प्रत्येकीचा एक पाय अ‍ॅम्पकडे, एक पाय सबकडे.

आता इथे लोक घसरतात. एका आउटपुटचे दोन पाय करणं चालतं. दोन आउटपुट एका पायात कोंबणं चालत नाही. सबला एकच भोक आहे म्हणून डावं-उजवं वाय-केबलने एकत्र बांधलं, तर दोन आउटपुट एकमेकांच्या तोंडात सिग्नल ढकलतात. आवाज बारीक होतो, विकृत होतो, आणि स्टीरिओचा मोनो होतो तो वेगळाच. एकत्र करायचंच असेल तर प्रत्येक बाजूला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच करा. किंवा झोन २ च्या मेन्यूत मोनो असेल तर ते निवडा आणि सबला एकच बाजू द्या.

झोन २ चा व्हॉल्यूम 'व्हेरिएबल' आहे की 'फिक्स्ड' तेही बघून घ्या. फिक्स्ड असेल आणि आवाज अ‍ॅम्पवरून कमी-जास्त करत असाल, तर प्री-आउटवरून घेतलेला सब आपला एकाच पट्टीत घुमत राहील. रात्री आवाज कमी केला की स्पीकर कुजबुजतात आणि सब गर्जतो. मी हे भोगलंय.

आतलीखोली

मंडळी, खरं सांगतो, ओहमकारांचं पटलं होतं, पण भिंतीत केबल ओढलेला तो रविवार डोळ्यांपुढे येत होता. म्हटलं, पंधरा मीटर केबल आहेच तर ती आधी वापरू. बाहेरचं टोक सबवूफर २ मधून काढून झोन २ च्या पांढऱ्या प्री-आउटमध्ये घातलं. आतलं टोक जिथे होतं तिथेच, सबच्या लाल भोकात.

बास आला! पण सोबत गायकसुद्धा आला. सबच्या आतून कुणीतरी गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. क्रॉसओव्हरची चकती ४० वर नेली तरी ढिम्म फरक नाही. आणि गाणं थांबलं की एक बारीक 'घूंऽऽ' चालूच. शिवाय एका गाण्यात बास उजवीकडे होता, तो आलाच नाही.

आता काय?

ओहमकार

तिन्ही रोग त्या एकाच केबलमधून निघालेत, एकेक घेऊ.

गोधडीतला गायक: तुम्ही सिग्नल एलएफईच्या (सिनेमातल्या स्फोटांसारख्या खालच्या आवाजांचा वेगळा चॅनेल) भोकात दिलात. ते भोक सबच्या फिल्टरला वळसा घालतं. मुख्य झोनमध्ये रिसीव्हर आधीच गाळून देतो, म्हणून तिथे पुन्हा गाळायची गरज नसते. झोन २ गाळून देत नाही. सबला अख्खं गाणं मिळालं, तो बिचारा जमेल तेवढं गायला. चकती फिरवून उपयोग नाही कारण ती त्या वाटेवर नाहीच. पांढऱ्या भोकात घाला, चकती लगेच काम करेल.

हरवलेला बास: एकच बाजू दिलीत, दुसरी बाजू सबला कळणार कशी? मेन्यूत मोनो आहे का बघा, नाहीतर दोन केबल लागतील.

'घूंऽऽ': ही ग्राउंड लूपची गुणगुण. मुख्य वीज ५० हर्ट्झची असेल तर ती त्या सुरात आणि त्याच्या दुपटीत, म्हणजे १०० मध्ये ऐकू येते. रिसीव्हर एका सॉकेटवर, सब दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या, आणि मध्ये पंधरा मीटरची अर्थिंगची वाट. एक प्रयोग करा. रिसीव्हरच्या मागची टीव्हीच्या डिश किंवा केबलची तार काढून बघा. बऱ्याचदा चोर तिथे असतो.

आणि कुणी 'प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक' म्हणालं तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा. गुणगुण जाते हे खरं, पण त्यासोबत तुमचं संरक्षणही जातं.

शंकासुर

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला तर? छोट्या डब्या मिळतात, आरसीए आत, आरसीए बाहेर.

तांब्याची_तार

गुणगुण जाते. पण हलक्या डबीतला ट्रान्सफॉर्मर खालचे सूर नीट पार करत नाही, आणि आपल्याला हवेत ते नेमके तेच. सबसाठी घ्यायची तर २० हर्ट्झपर्यंत सपाट असलेलीच घ्यावी.

आतलीखोली

डिशची तार काढली, 'घूं' अर्धं झालं. पूर्ण गेलं नाही. पांढऱ्या भोकात घातल्यावर गायक मात्र गोधडीतून बाहेर पडून स्पीकरमध्ये परत गेला.

शेवटी शरण आलो. काल रात्री सरळ स्पीकरच्या मागून तारेचे दोन तुकडे काढून सबच्या क्लिपांत दिले. दोन हात लांबीची तार, दहा मिनिटांचं काम. गुणगुण जवळपास शून्य, कान लावल्याशिवाय कळत नाही. डग्गा बोलायला लागलाय राव! पहिल्यांदाच 'घे'चा मागचा दाब ऐकू आला, मनगट सरकवलेलं कळतं.

पंधरा मीटर केबल भिंतीत. तिचं काय करू ते नंतर बघू.

ओहमकार

अभिनंदन. स्पीकरच्या पातळीचा सिग्नल प्री-आउटपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे उरलीसुरली गुणगुण त्याखाली दबते. लांब अंतर स्पीकरच्या तारेने कापायचं आणि सबपाशी आखूड तुकडा ठेवायचा, याचा हा फायदा.

भिंतीलाकान

एक प्रश्न घुसवतो. माझ्या डेनॉनमध्ये झोन २ च्या सेटिंगमध्ये 'एचपीएफ' आहे. म्हणजे हाय पास फिल्टर ना? तो चालू केला तर छोट्या स्पीकरवरचा खालचा भार जाईल आणि सब खालचं बघेल. बरोबर की नाही?

ओहमकार

कागदावर बरोबर, प्रत्यक्षात सापळा. तो फिल्टर झोन २ च्या सिग्नललाच लागतो. तुमचा सबही त्याच सिग्नलवर जगतो. चालू केलात की स्पीकरचा भार हलका होईल आणि सबही उपाशी राहील. सब नसेल आणि स्पीकर फारच छोटे असतील तेव्हा तो कामाचा. सब असेल तर बंद.

तांब्याची_तार

स्पीकरवरचा भार खरंच कमी करायचा असेल तर माझ्या वाकड्या मार्गात एक युक्ती आहे, हाताला सोल्डरिंगची सवय असेल तरच. वाय-केबलच्या अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या पायात, म्हणजे वाय फुटल्यानंतर, सिग्नलच्या तारेत एक कपॅसिटर मालिकेत घालायचा. अ‍ॅम्पच्या इनपुटचा रोध ४७ किलोओहम धरला तर ०.०४७ मायक्रोफॅरडला फिल्टर साधारण ७२ हर्ट्झवर बसतो. उतार हलका, सप्तकाला ६ डेसिबल. पण छोट्या वूफरला तेवढ्यानेही मोकळा श्वास मिळतो. इनपुटचा रोध वेगळा असेल तर आकडा त्याप्रमाणे बदलेल: रोध निम्मा असेल तर कपॅसिटर दुप्पट.

सबच्या पायात काही घालायचं नाही. मी पहिल्यांदा वाय फुटण्याआधीच घातला होता. दोन दिवस सबला शिव्या दिल्या.

आतलीखोली

आता पुढचं दुखणं. काही गाण्यांत बास सुरेख, काहींत एकच सूर अंगावर येतो, बाकीचे मागे. बाहेरच्या खोलीत रिसीव्हरने माइक लावून सगळं स्वतःच जुळवलं होतं, इथे तसं करता येतं का?

ओहमकार

ऑडिसी काय, यामाहाचं वायपीएओ काय, त्यांचं मोजमाप मुख्य झोनपुरतंच. झोन २ मध्ये माइक म्हणजे तुमचे कान.

तो एक सूर म्हणजे खोलीचा सूर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४३ भागिले १०, म्हणजे ३४ हर्ट्झच्या आसपास पहिला घुमार बसतो, मग त्याच्या दुपटीत ६८ ला दुसरा. रुंदीचे आणि उंचीचे आणखी वेगळे. कोपऱ्यात सब ठेवला की हे सगळे जागे होतात. आणि खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर तो ३४ चा सूर तिथे जवळपास ऐकूच येत नाही.

उपाय जुना आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खुर्चीवरच. बास गिटार एकेक स्वर चढत जाते असं एखादं गाणं लावा. आणि तुम्ही जमिनीवर, गुडघ्यांवर, भिंतीकडेने फिरा, कान सबच्या उंचीला ठेवून. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील, तिथे सब ठेवा.

झोन २ मध्ये सबचा आवाज मागेपुढे करायला डिलेचं सेटिंग नसतं, म्हणून सब शक्यतो स्पीकरच्या ओळीतच असलेला बरा. फेजचं बटण (सबचा पडदा स्पीकरच्या सोबत हलावा की उलट, ते ठरवतं): खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला ०/१८० करायला सांगा, ज्यात बास भरीव ते ठेवा. क्रॉसओव्हर आधी ६० ला, मग हळूहळू वर. गायकाचा आवाज जाड व्हायला लागला की एक पाऊल मागे. गेन, म्हणजे सबचा आवाज, सगळ्यात शेवटी. बाहेरच्या सबच्या मानाने गेन बराच वर न्यावा लागला तर घाबरू नका. सिनेमाच्या एलएफईला मुख्य झोनमध्ये १० डेसिबलची जादा उंची मिळते, इथे ती नाही.

आतलीखोली

केलं. खुर्चीवर सब, मी चार पायांवर. मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "बाबा, काय हरवलंय?" मी म्हटलं, "बास." तो निघून गेला.

कोपऱ्यात एकच स्वर ढोलासारखा. दोन पावलं पुढे, कपाटाशेजारी, तो स्वर साफ खड्ड्यात. डाव्या स्पीकरच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर मात्र सगळे स्वर एका ओळीत उभे राहिले. तीन वेळा उलटसुलट फिरून खात्री केली, गुडघे अजून बोलताहेत. फेज १८० वर भरीव लागली. क्रॉसओव्हर ७० च्या आसपास.

शंकासुर

समजा झोन २ वर सिनेमाच लावला. मग एलएफई येणार का?

ओहमकार

झोन २ म्हणजे दोन चॅनेल. ५.१ चं दोनमध्ये मिसळताना एलएफई सहसा टाकूनच दिला जातो. मुख्य चॅनेलमधला बास येतो, तो सबला मिळतो. इमारत कोसळेल, पण जरा सभ्यपणे. जुन्या रिसीव्हरमध्ये तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकलवरचं काही झोन २ ला जातच नाही, फक्त अ‍ॅनालॉग. झोन २ मुका वाटला तर आधी हे तपासावं.

मौनीबाबा

वायरलेस सब किट झोन २ च्या प्री-आउटला चालेल का? भिंत फोडायची नाही.

तांब्याची_तार

चालतं. ट्रान्समीटरला डावं-उजवं दोन्ही द्या. थोडा उशीर लागतो, काही मिलिसेकंदांचा. फेजचं बटण दोन्हीकडे करून बघा, जमून जातं.

आतलीखोली

शेवटचं दुखणं. रात्री आवाज कमी ठेवला की दहा-पंधरा मिनिटांनी सब झोपतो. खटका 'ऑटो'वर आहे. आवाज वाढवला की जागा होतो, कमी केला की पुन्हा झोपतो. 'ऑन'वर ठेवला तर दिवसरात्र चालू, तेही नको वाटतं.

ओहमकार

ऑटोला जागं राहायला ठरावीक पातळीचा सिग्नल लागतो, तुमचा रात्रीचा आवाज त्याच्या खाली जातोय. सबवरचा गेन वाढवून उपयोग नाही, बऱ्याच सबमध्ये तो कान इनपुटवर असतो, गेनच्या आधी.

रिसीव्हरच्या पाठीवर '१२ व्ही ट्रिगर' असं एक छोटं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का? असेल तर मेन्यूत तो झोन २ ला बांधता येतो का बघा. झोन २ चालू झाला की त्यातून १२ व्होल्ट येतात, बंद झाला की जातात. तुमच्या जुन्या सबला ट्रिगर-इन नसणार, पण ट्रिगरवर चालणारी स्विचची पट्टी मिळते. सब त्या पट्टीत, खटका 'ऑन'वर. पट्टीला लागणारा करंट रिसीव्हरच्या ट्रिगरच्या मर्यादेत आहे ना, तेवढं दोन्ही पुस्तिकांत बघा.

भिंतीलाकान

म्हणजे पुन्हा आतल्या खोलीपर्यंत तार ओढायची?

तांब्याची_तार

अहो, ओढलेली आहे की! ट्रिगरला दोनच तारा लागतात. आरसीए केबलमध्ये दोनच असतात. दोन्ही टोकांना आरसीए ते ३.५ मोनो असा अ‍ॅडॉप्टर लावला की झालं. मोनोच घ्या, स्टीरिओ नको. फक्त आधी दोन्ही टोकं रिसीव्हर आणि सबच्या आवाजाच्या भोकांतून काढलीत ना, हे दोनदा बघा. १२ व्होल्ट चुकून प्री-आउटमध्ये गेले तर पुढचा धागा वेगळाच काढावा लागेल.

आतलीखोली

चालू झालं! केबलचं बाहेरचं टोक ट्रिगरमध्ये, आतलं पट्टीत. रिमोटवरून झोन २ चालू केला की सब उठतो, बंद केला की झोपतो, मध्ये डुलकी नाही. उठताना एक 'ढप्' करतो. बायको म्हणते, असू दे, तू आत जाऊन बसलास हे तरी कळतं.